संशोधनाचा पहिला उन्हाळा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी विट्याजवळच्या कॉलेजात एसवाय बीएस्सीला आहे, विषय केमिस्ट्री. आमच्याकडे यंदा विद्यार्थी-संशोधन उपक्रम सुरू झाला आहे. त्यात एक मार्गदर्शक, वर्षभराचा छोटा प्रकल्प आणि थोडं साहित्य मिळणार आहे. अर्जात दोनशे शब्दांत हेतू लिहायचा आहे. मला ६२ टक्के आहेत. अर्ज करू का? हेतूत काय लिहू?

उत्तर : जरूर करा. किमान गुणांची अट नसेल तर ६२ टक्क्यांवर अडून राहू नका. असे अर्ज बहुधा अडतात ते हेतूवर. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ असं लिहिलं की निवडणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात : तुमचा प्रश्न कोणता, तो तुम्हाला कुठे दिसला आणि आज तुमच्या हाताला काय येतं. तिसऱ्या मुद्द्यात नेमकं लिहा. ‘टायट्रेशनची (थेंबाथेंबाने द्रावण घालून प्रमाण मोजण्याची) तीन वाचनं ०.१ मिलिलिटरच्या आत जुळतात’ हे वाक्य ‘उपकरणांचे उत्तम ज्ञान आहे’ यापेक्षा कितीतरी वजनदार आहे.

शेवटी आठवड्यातले दोन मोकळे तास वार-वेळेसह द्या. गावची शेवटची एसटी साडेपाचला असेल तर तेही लिहा. मार्गदर्शकाला ते आधी कळलं तर कामाची आखणी त्याप्रमाणे होते. नोव्हेंबरात कळलं तर सगळं विस्कटतं.

शिफारसपत्र ज्यांनी तुमचं प्रॅक्टिकल घेतलंय त्यांच्याकडून घ्या. नुसत्या मोठ्या हुद्द्याचा उपयोग नाही. गुणपत्रिका आणि हेतूचा मसुदा सोबत घेऊन दहा दिवस आधी भेटा.

प्रश्न : मुलगी एफवाय बीएस्सीला आहे. ‘रिसर्च इंटर्नशिप’च्या नावाखाली एक संस्था १८ हजार रुपये मागते आहे. प्रमाणपत्र मिळेल आणि शोधनिबंधावर नावही येईल म्हणतात. भरावेत का? – एक पालक, कोरेगाव

उत्तर : भरू नका. निबंधावर नाव येतं ते केलेल्या कामामुळे. काम सुरू व्हायच्या आधीच नावाची हमी मिळत असेल तर तिथे संशोधन नाही, विक्री आहे.

चांगले कार्यक्रम विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाहीत, उलट देतात. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. आधी शिबिर आणि त्यातून निवड झाली तर प्रकल्प, असा त्याचा क्रम आहे. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात सुमारे दोन महिन्यांची फेलोशिप देतात. तिच्यात विद्यावेतन मिळतं, प्रवासभाडंही मिळतं. तिची जाहिरात दिवाळीच्या आसपासच बघायला लागा. एप्रिलमध्ये चौकशी केली तर ते वर्ष हातचं गेलेलं असतं.

मुलगी बारावीला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असेल तर केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच वर्षी भरायचा असतो. ती वर्षाला ८० हजारांची आहे. त्यातले ६० हजार विद्यार्थ्याला मिळतात आणि २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. हे २० हजार आपोआप येत नाहीत. मार्गदर्शकाकडे प्रकल्प पुरा करून अहवाल द्यावा लागतो.

प्रश्न : आम्ही तिघी सांगलीत टीवायला आहोत. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, मोजतोय. ०.१ ग्रॅम पूड इथेनॉलमध्ये काढून १०० मिलिलिटर केली, गाळली आणि प्रकाश-शोषण मोजणाऱ्या यंत्रावर ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीला वाचली. ॲब्सॉर्बन्स (प्रकाश शोषला जाण्याचं माप) २.४, ३.० आणि २.७ आला. हिशेबाने १.५, १.९ आणि १.७ टक्के होतात. पण हीच हळद बाहेर तपासली तर ३ टक्क्यांच्या आसपास निघाली. आमचं काय चुकतंय?

उत्तर : द्रावण फार दाट आहे. ॲब्सॉर्बन्स २ असतो तेव्हा क्युव्हेटमधून (द्रावण ठेवायच्या पारदर्शक नळीतून) शंभरातला एक भाग प्रकाश पार होतो, ३ असतो तेव्हा हजारातला एक. इतक्या मंद उजेडात यंत्रातला भटका प्रकाशही मोजला जातो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. खात्री करायची असेल तर तेच द्रावण निम्मं पातळ करून वाचा. वाचन निम्मं झालं नाही, तर तुम्ही यंत्राच्या पल्ल्याबाहेर आहात.

हळद ३ टक्क्यांची धरली तर तुमच्या द्रावणात मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅम कर्क्युमिन आहे. पिपेटने ५ मिलिलिटर घेऊन ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये इथेनॉलने खुणेपर्यंत भरा. आता ते ३ मायक्रोग्रॅम होईल आणि वाचन ०.५ च्या जवळपास यायला हवं.

स्टँडर्डही, म्हणजे तुलनेसाठीची माहीत प्रमाणाची द्रावणंही, नव्याने करा. १० मिलिग्रॅम कर्क्युमिन १०० मिलिलिटरमध्ये विरघळवा, त्यातले १० मिलिलिटर पुन्हा १०० करा. या दुसऱ्या द्रावणातले १, २, ३, ४ आणि ५ मिलिलिटर वेगवेगळ्या १० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये घेतले की १ ते ५ मायक्रोग्रॅमचे पाच बिंदू मिळतात. नमुन्याचं वाचन या बिंदूंच्या मध्येच पडलं पाहिजे. रेषा पुढे ओढून काढलेलं उत्तर ग्राह्य धरू नका. ब्लँक, म्हणजे यंत्र शून्यावर आणायचं कोरं द्रावण, त्याच बाटलीतल्या इथेनॉलचा घ्या.

पातळ करूनही तीन वाचनं फाकली, तर दोष नमुन्यात शोधा. हळकुंडाचा गाभा आणि साल सारखी नसते, त्यामुळे जाडसर पुडीतली ०.१ ग्रॅमची चिमूट दर वेळी वेगळी येते. पूड बारीक चाळा, पूर्ण ढवळा, मगच वजन करा. फ्लास्कला फॉइल गुंडाळा आणि त्याच दिवशी वाचा, कारण कर्क्युमिन उजेडात विघटतं. दोन ठिकाणच्या हळदींची तुलना करणार असाल तर १०५ अंशांना सुकवून होणारी घटही काढा. मात्र तिला ‘पाण्याचं प्रमाण’ म्हणू नका. हळदीत उडून जाणारं तेल असतं आणि तेही त्या घटीत धरलं जातं.

अहवालात ‘एकूण कर्क्युमिनॉइड्स’ असा शब्द वापरा. हळदीत अशी तीन मुख्य संयुगं आहेत, ती जवळपास एकाच तरंगलांबीला प्रकाश शोषतात आणि या यंत्राला ती वेगळी करता येत नाहीत. आधीची चुकीची वाचनं फाडून टाकू नका. पल्ला का बदलला हे त्यांच्यावरूनच दाखवता येईल, आणि परीक्षकालाही नेमकं तेच बघायचं असतं.

प्रश्न : कासच्या पठारावरच्या वनस्पतींवर प्रकल्प करायचा आहे. फुलं आली की लगेच सुरू करू का? – एसवाय बॉटनी, सातारा

उत्तर : परवानगीशिवाय नको. तो भाग वनखात्याच्या ताब्यात आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशात आहे. नमुने तोडायचे तर लेखी परवानगी लागते. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर उन्हाळ्यातच द्या. परवानगी आली नाही तर गावाजवळचा एखादा सडा (खडकाळ माळ) निवडा आणि जागामालकाला विचारून पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट टाकून नोंदी करा. चौकट कुठे टाकायची ते आधीच चिठ्ठ्या काढून ठरवा. डोळ्यांनी जागा निवडली की चौकट हमखास फुलांवरच पडते आणि सगळा सडा फुललेला दिसतो.

प्रश्न : मार्गदर्शक मॅडम चांगल्या आहेत, पण भेटतच नाहीत. दोन महिन्यांत एकदाच बोलणं झालं. – टीवाय फिजिक्स, कऱ्हाड

उत्तर : ‘मॅडम, कधी येऊ?’ असं विचारलंत की ‘बघू’ हेच उत्तर येतं. त्यांचं वेळापत्रक बघा आणि ‘मंगळवारी तिसऱ्या तासानंतर वीस मिनिटं चालतील का?’ असं विचारा. जाताना एक पान न्या. त्यावर चारच ओळी : मागच्या आठवड्यात काय केलं, कोणता आकडा आला, कुठे अडलं, पुढे काय करणार. भेट झाली नाही तरी ते पान टेबलावर ठेवून या. ‘कुठे अडलं’ या ओळीत ‘समजत नाही’ असं लिहू नका. ‘लंबकाच्या दोलनकाळात दहा वाचनांत ०.२ सेकंदाचा फरक पडतो’ असं लिहिलं, तर मॅडम व्हरांड्यातून जाता जाताही सांगतील की एकच दोलन मोजू नकोस, वीस मोजून विसाने भाग.

त्या पानाची नक्कल वहीत चिकटवा. वही शिवलेली असावी, पानांना आकडे घातलेले असावेत आणि लिखाण पेनानेच करावं. चुकलेला आकडा एका रेघेने खोडा, म्हणजे खालचा वाचता येतो. मॅडमना मागेपुढे दुसरी जबाबदारी मिळाली आणि मार्गदर्शक बदलले, तर नव्या सरांना ती वही दिली की काम तिथूनच पुढे सुरू होतं.