करकोच्याची मान दर वेळी फाटते!

प्रश्न: ताई, सुट्टीत भाचीसोबत कागदाचा करकोचा करतेय, पण चोच काढताना दर वेळी कागद चिरतो. वहीच्या पानाचा ८-९ सेंमीचा चौकोन घेते. कुठे चुकतंय? – एक मावशी, अमळनेर

उत्तर: हाताची चूक नाही हो, तुकडा फार लहान पडतोय. मानेजवळ कागदाचे बरेच थर एकावर एक येतात, तिथे छोटा तुकडा चिरणारच. निदान १५ सेंमीचा चौकोन घ्या, ए-फोर शीटमधून तर २१ सेंमीचा निघतो आणि पोरांच्या बोटांना तोच बरा पडतो. दुसरं म्हणजे मधल्या रेषेकडे कडा दुमडताना अगदी भिडवू नका, केसभर फट ठेवा, कारण पुढे तिथेच परत घडी येते आणि जागा नसली की सगळा ताण टोकावर जातो.

आणि आपल्या खान्देशात मे महिन्याची हवा इतकी कोरडी की कागदसुद्धा कडक होतो, म्हणून सकाळीच बसा. जपानचे कागदी घड्यांचे कलावंत अकिरा योशिझावा (१९११-२००५) तर कागद किंचित ओला करून घड्या घालायचे, त्याने प्राण्यांना छान गोलाई येते, पण त्याला जाड कागद लागतो, वहीच्या पानावर पाणी मारू नका.

भाचीला हिरोशिमाच्या सादाको नावाच्या मुलीबद्दल नक्की सांगा. अणुबॉम्बनंतर काही वर्षांनी तिला रक्ताचा कर्करोग झाला, दवाखान्यात पडून ती बरं व्हायच्या आशेने असेच करकोचे करायची, औषधांच्या कागदाचे पण. १९५५ मध्ये ती गेली, अवघ्या १२ वर्षांची.