गवसणीतली सतार

*पत्र मोठं आहे, त्यातला गाभा इथे देते आहे.*

"मावशी, मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ४२. एका पतसंस्थेत हिशेब विभागात आहे. नवरा कुपवाडला कारखान्यात, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगा बारावीला. जूनमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाडव्याला मी डायरीत सात गोष्टी लिहिल्या होत्या : रोज एक तास सतार, वर्षात २४ पुस्तकं, कन्नड शिकणं, हरिपूरपर्यंत चालायला जाणं, पोहणं, गच्चीवर भाजीपाला आणि आईच्या पदार्थांची वही. एकही झाली नाही. दिवाळीच्या साफसफाईत कपाटावरची सतार खाली काढली, तर गवसणीवर धुळीचा थर आणि तरफेच्या, म्हणजे खालच्या आपोआप घुमणाऱ्या, दोन तारा तुटलेल्या. बाबांनी ती १९९८ च्या दिवाळीत बोनसमधून मिरजेहून आणली होती. लग्न होईपर्यंत आठ वर्षं शिकले. आता शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी ती विकत मागते आहे. घरात मला कुणी कधी अडवलं नाही, म्हणजे दोष माझाच. मी आळशी आहे का? सतार देऊन टाकू का?"

बाळ, सतार विकू नकोस. आधी हे सांगून टाकते, मग बाकीचं बोलू.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चार पानांचं पत्र. त्यात पुस्तकं, कन्नड, पोहणं, भाजीपाला, वही आणि चालणं या सहा गोष्टींना मिळून तू तीन ओळी दिल्यास. सतारीला अडीच पानं. हळदीच्या अडतीवर दिवाणजी असलेले तुझे बाबा मिरजेहून एसटीत सतार मांडीवर आडवी घेऊन आले, कुणाचा धक्का लागू नये म्हणून भोपळ्यावर हात धरून बसले, आणि घरी आल्यावर त्यांच्या सदऱ्याला हळदीचा आणि नव्या पॉलिशचा असा मिळून वास येत होता, हे तू लिहिलं आहेस. सत्तावीस वर्षांपूर्वीचा वास ज्या बाईला आठवतो, तिला त्या वस्तूची गरज उरलेली नाही, असं मी कसं म्हणू?

आता आळसाचं. तुझंच वर्ष तुझ्यासमोर मांडते. मार्चमध्ये वसुली आणि वर्षअखेर. पाडवा त्याच्या अवतीभवतीच येतो, म्हणजे ही सात कलमं तू वर्षातल्या सगळ्यात दमलेल्या आठवड्यात लिहिलीस. मग लेखापरीक्षण. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा झालीच पाहिजे, तिचा अहवाल, ताळेबंद, छपाई. मधेच जूनमध्ये सासूबाईंचं ऑपरेशन आणि त्यानंतरचे महिने त्यांना धरून उठवणं, बसवणं, व्यायाम करून घेणं. मुलाचे क्लास. नवऱ्याची रात्रपाळी असली की दुपारी घरात आवाज नको. आणि मग दिवाळी. यात रोजचा रिकामा तास कुठे होता, मला दाखव. मला तरी सापडला नाही.

म्हणून ते डायरीचं पान काढ आणि पेन घे. पोहण्यावर रेघ मार. ऑफिसातली मैत्रीण जाते म्हणून ते यादीत आलं, हे तूच लिहिलं आहेस. कन्नडवरही मार. गच्चीवरच्या भाजीपाल्याला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं आणि तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते म्हणतेस, तेव्हा तोही जाऊ दे. चालणं नवऱ्याची सकाळ मोकळी असेल त्या आठवड्यापुरतं ठेव. हरिपूरच्या संगमापर्यंत पोचलंच पाहिजे असं नाही. कृष्णेला वारणा कुठे मिळते ते तू लहानपणापासून पाहते आहेस, ती तिथेच राहणार आहे. आईच्या पदार्थांची वही मात्र आईलाच फोनवर सांगायला लाव आणि मुलाला लिहायला बसव. बारावीचा मुलगा दिवसातली दहा मिनिटं आजीशी बोलला तर त्याच्या अभ्यासाचं काही बिघडत नाही.

पुस्तकांचं थोडं वेगळं आहे. २४ हा आकडा सोड. सासूबाई संध्याकाळी पाय लांब करून बसतात तेव्हा त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, पाच पानं, जमेल त्या दिवशी. त्यांना सोबत होईल आणि तुझं वाचन होईल. महिन्यात एक पुस्तक झालं काय, तीन महिन्यांत एक झालं काय.

राहिली सतार. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुझा खरा प्रश्न हाच आहे.

'रोज एक तास' यानंच तुझी सतार कपाटावर गेली. तास मिळणार नाही हे कळलं की हात गवसणीला लागतच नाही. शिवाय गवसणी सोडायची, खुंट्या पिळायच्या, सूर लावायचा, एवढ्यातच वीस मिनिटं जातात. पावसाळ्यात तर लाकूड फुगून खुंट्या हलता हलत नाहीत. तेव्हा आधी ती कपाटावरून खाली आण. बसायच्या खोलीत कोपऱ्यात, ऊन लागणार नाही आणि येताजाता धक्का बसणार नाही अशा जागी, साधं सुती कापड टाकून उभी ठेव. तार छेडायची नखी देवघरातल्या हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेव, म्हणजे शोधाशोध नको. रोज दहा मिनिटंच बस, आणि बसशील तेव्हा बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार आणि तिच्या शेजारची जोड एवढंच आधी लाव. रोजच्या दहा मिनिटांत तरफा छेडायच्या नाहीत, त्यांचा दिवस रविवारचा. एकच राग धर, जो तुला सगळ्यात आधी शिकवला तो, आणि त्यातली सरगम संथ वाजव.

दहा मिनिटं म्हणते आहे त्याला दुसरंही कारण आहे. इतक्या वर्षांत डाव्या हाताच्या बोटांवरचा घट्टा गेला असणार. तार दाबली की बोट चिरल्यासारखं दुखेल. पहिले पंधरा दिवस तुझं बोटच तुला दहा मिनिटांच्या वर बसू देणार नाही. त्याचं ऐक. घट्टा पुन्हा धरतो, पण रोज थोडं थोडं वाजवून. रविवारी दोन तास बसून बाकी सहा दिवस सुट्टी, असं केलंस तर फक्त फोड येतील.

माझी गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी पेटी माळ्यावर ठेवली. ठरवलं होतं, सगळं उरकलं की निवांत बसून वाजवीन. सहा वर्षांनी घर शांत झालं. पेटी खाली काढली तर भाता फाटलेला होता, तो शिवून मिळाला. पण गुरुजींनी शिकवलेल्या एका बंदिशीचा अंतरा मला आठवेना. गुरुजी तोवर गेले होते. माझ्याकडे ती कुठे लिहिलेलीही नव्हती. त्या सहा वर्षांत आठवड्यातून एकदा, भाजी निवडताना नुसती गुणगुणले असते, तरी ती माझ्याजवळ राहिली असती. हे दुःख मी अजून बाळगून आहे आणि ते तुझ्या वाट्याला यावं असं मला वाटत नाही.

आता तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य, जे मला टोचलं : "घरात मला कुणी कधी अडवलं नाही." खरं असेल. पण बाळ, न अडवणं वेगळं आणि वेळ काढून देणं वेगळं. सासूबाईंना व्यायाम कोण करून घेतं? तू. मुलाचा डबा? तू. रात्री ओटा पुसून कुकरची भांडी कोण लावतं? या घरात तीन मोठी माणसं आणि एक जवळजवळ मोठा मुलगा आहे. तरी तुला दहा मिनिटं चोरून घ्यावी लागत असतील, तर त्याला तुझा आळस म्हणत नाहीत. नवऱ्याशी बोल. भांडू नकोस, रडू नकोस, नेमकं माग : "सकाळपाळी असते त्या आठवड्यात संध्याकाळी आईंचा व्यायाम तुम्ही करून घ्यायचा, मी सतारीला बसणार." मुलाला सांग, त्या वेळात पाण्याचा पेलासुद्धा आईकडे मागायचा नाही. पहिले काही दिवस त्यांना अवघड जाईल. तू मधेच उठू नकोस. तू उठलीस की सगळे पुन्हा जुन्या सवयीला लागतील.

आणि पुढचं आत्ताच ठरवून ठेव. फेब्रुवारीत मुलाची परीक्षा, मार्चमध्ये तुझी वसुली. त्या दोन महिन्यांत वाजवणं झालं नाही तर झालं नाही. आठवड्यातून एकदा फक्त सूर लावायचा आणि कापड झाकायचं. नव्या पाडव्याची डायरीत एकच ओळ लिही, आणि तीही वर्षअखेर उरकून एकदा पोटभर झोप झाल्यावर.

शेजारच्या मुलीला नाही म्हणताना वाईट वाटतंय ना? मग तिला पूर्ण नाही म्हणू नकोस. मंगळवारी आणि शनिवारी तिला तुझ्याच घरी, तुझ्याच सतारीवर रियाजाला बोलाव. तू सूर लावून दे, चुकेल तिथे सांग. ज्या दिवशी तुझ्यात त्राण नसेल त्या दिवशीही घरात सतार वाजेल, आणि वाद्याला ते हवंच असतं. तिला शिकवता शिकवता तुझंही बरंच परत येईल.

त्याआधी एक काम. मिरजेची सतार मिरजेतच दाखव. सतारी बनवणाऱ्या फरीदसाहेबांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. हत्यारांना धार लावणारी घरं ती, हत्यारांचं काम आटलं तेव्हा वाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीत ने, तरफेच्या दोन्ही तारा बदलून घे. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारांच्या घळी पडल्या असतील तर जव्हारी काढून घे, म्हणजे ती घासून नीट करून घे. भोपळ्याला कुठे बारीक तडा गेलाय का, तेही पाहायला सांग.

जाताना एसटीनं जा. मुलाला सोबत ने आणि सतार त्याच्या मांडीवर दे. कारागीर काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी