तिखटाची रुचिकलिका कुठं असते?

कोल्हापूरच्या एका वाचकानं विचारलंय: आरशात जिभेवर दिसणारे लाल दाणे म्हणजेच रुचिकलिका (चव ओळखणारे पेशींचे पुंजके) का? आणि तांबड्या रश्शाचं तिखट त्यातल्या कोणत्या कलिकेला कळतं?

दिसतात ते अंकुरक, म्हणजे जिभेवरचे बारीक उंचवटे. कलिका त्यांच्या आवरणात असतात आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. जिभेला खरखरीतपणा देणाऱ्या टोकदार अंकुरकांत तर एकही कलिका नसते. शेंड्याकडच्या लाल दाण्यांत थोड्या असतात. खरा साठा जिभेच्या मुळाशी: तिथं आठ-बारा मोठे अंकुरक, प्रत्येकाभोवती खोल चर, आणि त्या चराच्या भिंतीत शेकड्यानं कलिका. तळाच्या ग्रंथी चरात पातळ स्राव सोडून आधीची चव धुऊन काढतात.

एका कलिकेचा उभा छेद पाहिला, तर ५० ते १०० लांबट पेशी लसणाच्या गड्ड्यातल्या पाकळ्यांसारख्या दाटीनं उभ्या दिसतात. वर त्यांची टोकं एका छिद्राशी जमतात. लाळेत विरघळलेलं तेवढंच या छिद्रातून आत पोचतं. जीभ पुसून कोरडी करा नि साखरेचे दाणे ठेवा, गोडी उशिरा लागते. यातल्या बऱ्याच पेशी दहा-बारा दिवसांत बदलतात. एकाच कलिकेत गोड, कडू, आंबट ओळखणाऱ्या वेगवेगळ्या पेशी शेजारी नांदतात, त्यामुळं 'शेंड्याला गोड, मागं कडू' हा पाठ्यपुस्तकी नकाशा खरा नाही.

तिखट ओळखणारी पेशी मात्र यात नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन वेदना वाहणाऱ्या चेतातंतूंवरचा ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, जागा करतं. तोच ग्राही साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनंही जागा होतो. तो १९९७ मध्ये ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. मिरची चिरलेलं बोट डोळ्याला लागलं की डोळा झोंबतो, तिथं कुठं कलिका असतात? मिसळ खाऊन 'लई जाळ हाय' म्हणणारा कोल्हापूरकर शास्त्राला धरूनच बोलतो.

तेव्हा 'तिखट चव' बोलण्यात खुशाल चालवा. शास्त्रीय लेखनात 'तिखटाची रुचिकलिका' नको, 'तिखटाची जाणीव' लिहा. आयुर्वेदाच्या षड्रसांत तिखट आहे, पण 'कटु' या नावानं. आपलं कडू तिथं 'तिक्त'. कटुपासूनच मराठीत कडू आला आणि अर्थ सरकला. जुना अर्थ 'त्रिकटु'त टिकलाय: सुंठ, मिरी, पिंपळी, तिन्ही तिखट.