वर्कशॉपमध्ये जुने टर्नर (लेथ चालवणारे) आणि नवीन आयटीआयची मुलं यांचं अजिबात पटत नाही, काय करावं?

तुम्ही विचारलंय की दोघांना वेगवेगळ्या शिफ्टला टाकावं का. कृपा करून तेवढं करू नका. मी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपवर सुपरवायझर आहे. आम्ही नेमकं तेच केलं आणि एक अख्खी बॅच घालवली.

100 मिमी व्यासाच्या शाफ्टचं काम होतं, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते वजा 22 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रात्रपाळीला कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर नवीन मुलगा एकटाच. कुलंटचा, म्हणजे काम थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, पंप मंदावला होता, जॉब (तयार होणारे शाफ्ट) हाताला चटका बसेल इतके तापून निघत होते. तो लगेच मायक्रोमीटर लावायचा, माप बरोबर यायचं, जॉब ट्रेमध्ये जायचा. सकाळी बघितलं तर सगळे लहान. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण 11-12 मायक्रॉन वाढतं. म्हणजे 30 अंश जास्त तापलेला तो जॉब गार होताना 35 मायक्रॉनच्या आसपास आकसतो. लांबीच्या मापासाठी जगभर 20 अंश सेल्सिअस हेच प्रमाण तापमान धरतात, ते याच कारणाने.

आमच्या नानांनी त्याला आधी सांगितलं होतं, "जॉब गार होऊ दे, मग माप घे." लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस. पण का, ते बोलले नाहीत. मुलाला वाटलं, हे उगाच काम अडवतायत. मला तेव्हा दोघांचाही राग आला नाही. नानांच्या उस्तादांनी त्यांना कधी कारण सांगितलं नव्हतं, विचारलं की ओरडा बसायचा. आणि मुलगा प्रसरण शिकून आलेला होता, पण ते आपल्या हातातल्या जॉबला लागतं हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

मग दोघांना एकाच मशीनवर, एकाच शिफ्टला आणलं. पहिला आठवडा अबोल्यातच गेला. नाना स्क्रीनला हात लावायचे नाहीत, आम्ही त्याला हट्टीपणा समजत होतो. खरं म्हणजे अलार्म इंग्रजीत येतात आणि मुलाच्या वयाच्या पोराला विचारायला त्यांना जड जात होतं. हे त्या मुलाच्या लक्षात आलं, माझ्या नाही. त्याने नेहमी येणारे दहा-बारा अलार्म मराठीत मोठ्या अक्षरात लिहून पॅनेलशेजारी चिकटवले. कुणाला काही बोलला नाही. दोन दिवसांनी नानांनी आपल्या टूलबॉक्सची किल्ली त्याच्याकडे दिली. वर्कशॉपवर राबलेल्या माणसाला या किल्लीचा अर्थ सांगावा लागत नाही.

भाषेकडेही लक्ष द्या. नाना म्हणायचे, "अजून दीड सूत घे," आणि मुलगा नुसता बघत राहायचा. इंचाचे आठ सूत, म्हणजे दीड सूत 4.76 मिमी. असा एक तक्ता आता भिंतीवर आहे.

एक गोष्ट मात्र सक्तीने पाळा. जुन्या माणसाची चूक नव्या मुलांसमोर काढायची नाही आणि मुलाला सगळ्यांदेखत झापायचं नाही, जे काय असेल ते केबिनमध्ये. आणि सुरुवातीलाच दहा जोड्या लावू नका. ज्या मशीनवर रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे जॉब, सगळ्यात जास्त आहे, तिथे एकच जोडी महिनाभर ठेवा. जुन्याने सांगायचं तर कारणासकट सांगायचं, एवढंच त्यांच्याकडून कबूल करून घ्या.