पलंगाखालचे नऊ खंड

या वेळी चार पत्रं आहेत. त्यातल्या तिघांनी मला आधीच माफ करावं, कारण चौथ्याने माझी जुनी खपली काढली आहे.

ह्यूस्टनजवळच्या केटीहून एक आई लिहिते: "ताई, मुलगा १७ वर्षांचा. चादर बदलताना त्याच्या पलंगाखाली नऊ जाड पुस्तकं सापडली. 'प्रीचर' नावाची. चित्रांची आहेत म्हणून लहान मुलांची असतील असं वाटलं. मधलंच एक पान उघडलं आणि दरदरून घाम फुटला. रक्त, शिव्या, आणि चक्क देवाची टिंगल. आमच्याकडे रोज दिवा लागतो. गणपतीला सासूसासरे येणार आहेत. त्यांच्या हाती हे पडलं तर? सरळ रिसायकलिंगमध्ये टाकणार होते, पण हे म्हणाले, आधी ताईंना विचार."

ह्यांचं ऐकलंत ते बरं केलंत. पण बाई, "मधलंच एक पान"? घराच्या कर्जाचे कागद तुम्ही मधलंच एक पान बघून सही केले होते का?

या सदराचे जुने वाचक हसत असतील, की आली म्हातारी तिच्या ठेक्यावर. आले. मूल जे वाचतं ते आईबापांनी पहिल्या पानापासून वाचावं आणि मगच तोंड उघडावं. हे मी फुकटचं सांगत नाही, पैसे भरून शिकले आहे. २००१ साली माझा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याच्या दप्तरात याच मालिकेचा पहिला खंड सापडला. मीही मधलंच एक पान उघडलं, आणि मंगळवारच्या कचऱ्यात तो खंड गेला. बुधवारी कळलं की पुस्तक वाचनालयाचं होतं. आणि मी त्याच वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर बसत होते. माझ्याच हाताने माझीच पावती फाडली. शेजारची सहकारी काही बोलली नाही, पण चित्रकथांच्या कपाटातून दुसरी प्रत आणून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, पैसे भरलेच आहेस तर वाच तरी.

वाचलं. तुम्हीही वाचाल तेव्हा कळेल, तोवर थोडक्यात सांगते. टेक्सासमधल्या ॲनव्हिल नावाच्या गावाचा पाद्री जेसी कस्टर. देवदूत आणि राक्षसीण यांच्या संबंधातून जन्मलेली एक शक्ती स्वर्गातून निसटते आणि याच्या अंगात शिरते. त्या धडाक्यात अख्खं चर्च जळून जातं. याच्या तोंडून निघालेला शब्द आता ऐकणाऱ्याला पाळावाच लागतो. मग त्याला कळतं की देव सिंहासन सोडून पळाला आहे. हा म्हणतो, मी त्याला शोधणार आणि जाब विचारणार. बरोबर जुनी प्रेयसी ट्यूलिप आणि कॅसिडी नावाचा आयरिश व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिऊन जगणारा पिशाच्च. लिहिणारा गार्थ एनिस उत्तर आयर्लंडचा, चित्रं काढणारा स्टीव्ह डिलन इंग्लंडचा. १९९५ ते २००० या काळात ६६ अंक निघाले, ते नऊ खंडांत बांधले. तुमच्या पलंगाखाली संपूर्ण संच आहे, म्हणजे पोरगा चिकाटीचा आहे.

आता आमच्या घरातली मतं सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की चार जणांनी एकच पुस्तक वाचलं की घरात काय होतं.

आमच्या ह्यांनी दोन खंड वाचून ठेवून दिले. "शाळेच्या संडासातल्या भिंतीवरचे विनोद," म्हणाले. खोटं नाही. काही विनोद तेव्हाही शिळे होते आणि समलिंगी माणसांवरचे आज वाचवत नाहीत. मुलाचं मत, ही मैत्रीची गोष्ट आहे, देवबीव निमित्त. सुनेने लग्नानंतर वाचलं. ती ट्यूलिपच्या बाजूने भांडते: तुझ्या भल्यासाठी म्हणून जेसी तिला झोपेत सोडून जातो, आणि तिच्या पिस्तुलाचा नेम त्याच्यापेक्षा चांगला! (हे ऐकताना मुलगा भांडी घासत होता. चांगलं झालं.) मला स्वतःला जेसी एका गावाचा शेरीफ होतो तो भाग लांबलेला वाटला. पण डिलनची चेहऱ्यांची चित्रं मी पुन्हापुन्हा पाहते. दोन माणसं नुसती टेबलाशी बसून बोलतात आणि पान उलटवत नाही.

आणि कॅसिडी. १९१६ च्या डब्लिनच्या उठावातून बाहेर पडलेला हा पोरगा न्यूयॉर्कला येतो तो परत घरी जातच नाही. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावर उभा राहून तो हे सगळं जेसीला सांगतो. मी १९८३ साली दोन बॅगा घेऊन तिथल्याच जेएफके विमानतळावर उतरले होते. ती पानं मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. पुढे हाच कॅसिडी काय दगाबाजी करतो ते सांगत नाही. त्यावरून आमच्याकडे एक दिवाळी अबोल्यात गेली आहे.

पण तुमची खरी धास्ती सासऱ्यांची. तर ऐका. २००१ सालीच माझे सासरे, अण्णा, सहा महिन्यांसाठी आले होते. पंढरपूरचे, हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आयुष्यात एकादशी चुकवली नाही. बाहेर बर्फ, हाताला काम नाही. एके दुपारी बेसमेंटमध्ये गेले तर अण्णा भिंग घेऊन बसलेले आणि मांडीवर त्याच मालिकेचा दुसरा खंड. माझ्या पायाखालची जमीन सरकली. अण्णा म्हणाले, "हा नुसता जेसी नाही गं, याची आजी बघ." त्या गोष्टीत आजी नातवाला शिक्षा म्हणून पेटीत बंद करून पाण्याच्या तळाशी ठेवते. संध्याकाळी जेवताना अण्णांनी ह्यांना सांगितलं, "तुझी आई बरी म्हणायची."

मी धीर करून विचारलं, "अण्णा, देवाला असं बोललेलं चालतं?" त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि सोफ्याच्या हातावर ठेका धरला: "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या." नामदेवांच्या घरची दासी जनाबाई. अंगणात उभी राहून साक्षात विठोबाला शिव्या देते, त्याच्या बायकोला विधवा करते, त्याचं मढं काढते. तुकोबा तर माझ्या लेखी देव मेला म्हणून मोकळे होतात. अण्णा म्हणाले, "ज्याच्याशी बोलणं उरलं नाही त्याला कोणी शिव्या देत नाही. हा पोरगा टेक्सास सोडून देवामागे हिंडतोय, म्हणजे अजून भांडायला जागा आहे." मग पुढचा खंड आणायला सांगितला. आम्ही इथे येताना आरत्यांचं पुस्तक आणलं, पण हे अंगणातलं भांडण तिकडेच राहिलं आणि पोरांना वाटतं मराठी म्हणजे हात जोडून उभं राहायचं.

तुमचे सासरे अण्णांसारखे असतील असं नाही. तेव्हा गणपतीचे दिवस खंड मुलाच्या कपाटात वरच्या फळीवर राहू द्या. आणि हो, पत्राच्या शेवटी लिहिलंत, "धाकटा ११ वर्षांचा आहे, तो पण डोकावतो." हे मात्र चालायचं नाही. हे खंड प्रौढ वाचकांसाठी आहेत आणि ते खरंच आहे. अकरा वर्षांच्या डोक्यात ही चित्रं नकोत. त्यासाठी वरच्या फळीला कुलूप घातलंत तरी मी रागावणार नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या खंडात एका शेरीफचा मुलगा आहे, त्याचं टोपणनाव इथे छापलं तर संपादक कापतील. आवडता गायक गेला म्हणून याने स्वतःवर बंदूक चालवली, वाचला, आणि चेहरा वेडावाकडा झाला. पुस्तक त्याची थट्टा करतं. पण त्याचा बाप बघा. पोराशी एक धड शब्द बोलत नाही, आणि तरी पोरगं बापावर जीव टाकतं. ते पान मुलाबरोबर वाचा आणि सरळ विचारा, तुला कधी असं वाटलं का? विचारल्याने डोक्यात काही भरत नाही. जेवण, झोप, मित्र सुटलेले दिसले तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या, आणि रात्री-अपरात्री भीती वाटली तर अमेरिकेत ९८८ ही मदतीची फोनलाइन लावा. नाही तर हा विषय आपल्याकडे "अभ्यासाचं टेन्शन" म्हणून कढीत ढवळला जातो.

आणि तो आज्ञेचा शब्द! माझ्या तोंडून निघालं की पोराने उठून केलंच पाहिजे, ही सिद्धी कोणत्या आईला नको? आपल्याला पंचवीस वर्षं हीच हवी आहे. त्याच शेरीफने जेसीचा शब्द अक्षरशः पाळल्यावर त्याचं काय झालं ते पहिल्या खंडातच आहे. वाचा. मला इथे लिहिता येत नाही.

तेव्हा कचऱ्याचा डबा विसरा. आज रात्री पहिला खंड मुलाकडे मागा. लपून वाचू नका, मागा. तो आधी लाजेल, मग शंका घेईल, मग म्हणेल तुला नाही आवडणार. नाही आवडला तर तसं सांगा, पण कुठलं पान नाही आवडलं तेही सांगा.

आता बाकीचे. फ्रँकफर्टच्या वहिनी, सासूबाई स्वयंपाकघर ताब्यात घेतात ही तक्रार तुम्ही मागच्या वर्षीही केली होती. घेऊ द्या, तीन महिन्यांचा व्हिसा आहे. दुबईचे काका, मुलाने इंजिनियरिंग सोडून चित्रकला घेतली म्हणून तुमचं रक्त आटतंय. डिलनने सोळाव्या वर्षी पगारी कामं सुरू केली होती, एवढं सांगून थांबते. मेलबर्नच्या ताई, लेक मराठी वाचत नाही म्हणता. तुम्ही तिला काय वाचायला देता, ते पत्रात लिहिलेलं नाही. यादी पाठवा, आणि त्यात श्लोक असतील तर जनाबाईचा तो अभंग सगळ्यात वर लिहा.