दादा नर्मदेला निघालाय, अडवू का जाऊ देऊ?

"मॅडम, आमचा दादा घरदार सोडून परिक्रमेला निघालाय, तुम्ही तरी समजावा त्याला." अंबाजोगाईत समुपदेशनाचं काम करताना मी हे बऱ्याचदा ऐकते, कधी नर्मदा असते, कधी नुसतंच 'कुठंतरी लांब चालत जातो'. घरच्यांच्या पोटात गोळा येतो तो एकाच गोष्टीने, की माणूस दुःखातून पळतोय आणि परत नाही आला तर. अशीच एक केस सांगते, बहीण-भावाला विचारून आणि ओळखीचे तपशील बदलून.

दादा पंचेचाळिशीचे, कापडाचं दुकान. बायको कॅन्सरने गेली त्याला वर्ष होत आलेलं. मुलगा बारावीला, लातूरला क्लास लावून रूमवर राहतो. दादा दुकानात बसायचे पण गिऱ्हाईक काय मागतंय याच्याकडं लक्ष नाही, रात्री तीनला जाग यायची आणि मग तेच तेच सुरू, आधी दाखवलं असतं तर, मुंबईला नेलं असतं तर. त्यात मोबाईलवर परिक्रमेचे व्हिडिओ बघून ठरवून टाकलं की दुकान भाड्याने द्यायचं आणि निघायचं.

मी अडवलं नाही. आधी सरळ विचारलं, "मरून जावं असं येतं का मनात?" बहीण दचकलीच, पण हे विचारायलाच लागतं, विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ते म्हणाले, "जीव द्यावा असं नाही वाटत, पण झोपेतच जावं असं वाटतं कधीकधी." म्हणून मी त्यांना पहिल्यांदा मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. चालायला लागल्यावर बरं वाटतंय म्हणून मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे मी प्रत्येकाला सांगते, त्यांनाही सांगितलं. आणि जीव देण्याचे विचार येत असतील तर एकट्याने लांब चालायला जायचंच नाही, आधी डॉक्टर, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मग दुसरा प्रश्न विचारला, रोज किती चालता? तर दुकानात पण गाडीवर. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब, दोन्ही काठ धरून परिक्रमा २,६०० च्या वर जाते, लोकांना महिनोन् महिने लागतात. म्हटलं, नर्मदा कुठं जात नाही, आधी आपल्या अंबाजोगाईच्या मुकुंदराजाच्या समाधीपर्यंत जाऊन या.

पावसाळ्याचे दिवस होते. पहाटे मुकुंदराजाच्या समाधीकडे जायचं, बालाघाटाची ती दरी पावसात अशी काही हिरवी होते की उन्हाळ्यात बघितलेल्याला खरं वाटणार नाही. अट एकच, कानात हेडफोन नको आणि परत आल्यावर वाटेत दिसलेली एक गोष्ट मुलाला फोनवर सांगायची. सुरुवातीला म्हणायचे, काही दिसलं नाही, चिखल होता. नंतर एकदा बाभळीवरचं सुगरणीचं घरटं दिसलं, अर्धंच विणलेलं, तर मुलाने विचारलं ते पूर्ण झालं का बघा उद्या, आणि हे दुसऱ्या दिवशी खास ते बघायला गेले.

बहिणीला शंका होतीच, "चालून चालून काय होणार मॅडम?" रास्त प्रश्न आहे. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३८ जणांवर प्रयोग केला, काहींना ९० मिनिटं झाडा-गवतातून चालवलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. निसर्गात चाललेल्यांचं तेच ते उगाळणं कमी झालं, रस्त्यावरच्यांचं नाही. ती माणसं आजारी नव्हती, त्यामुळे हा डिप्रेशनवरचा इलाज आहे असं मी म्हणणार नाही. पण रात्री तीनचं उगाळणं ज्याने भोगलंय त्याला तेवढं सैल होणंही लई मोठं असतं. अमेरिकेत अर्ल शॅफर म्हणून एक सैनिक होता, दुसऱ्या महायुद्धात जवळचा मित्र गेला, ते युद्ध डोक्यातून काढायचं म्हणून १९४८ मध्ये अॅपलेशियन ट्रेल ही तिथली डोंगरातली लांबलचक पायवाट पूर्ण चालला, ३,००० किलोमीटरच्या वर. तो पळाला असं कोण म्हणेल? पळणारा माणूस आठवण आली की दुसरीकडं बघतो, चालणाऱ्याला तर दिवसभर तिच्याबरोबरच राहावं लागतं.

कोजागिरीला आमच्याकडं तुळजापूरला चालत जायची रीत आहे. दादांनी लातूरहून निघायचं ठरवलं, औसा, उजनी करत ७०-७५ किलोमीटर. मुलगा म्हणाला औशापर्यंत मी येतो. रस्त्याने 'आई राजा उदो उदो' करत माणसं चाललेली, जागोजागी चहा, खिचडी, आणि हे दोघं दोन-अडीच तास एक शब्द बोलले नाहीत. औशाच्या अलीकडं दादांच्या टाचेला फोड आला म्हणून बसले, मुलगा खाली वाकून पट्टी लावत होता, आणि मान खाली ठेवूनच म्हणाला, "पप्पा, मम्मी गेल्यापासून तुम्ही मला फक्त टेस्टचे मार्क विचारता." दादांनी मला हे सांगितलं तेव्हा पण त्यांचा आवाज गेला. दोघं तिथं रस्त्याच्या कडेला बसून रडले, घरात वर्षभर रडले नव्हते. समोरासमोर खुर्च्या टाकून हे बोलणं किती महिन्यांनी निघालं असतं मला सांगता येत नाही. शेजारी शेजारी चालताना डोळ्यात बघावं लागत नाही ना, म्हणून बाप-लेकांना ते जमतं असं मला वाटतं.

मुलगा औशाहून एसटीने परत गेला, दादा उजनीत बासुंदी खाऊन लंगडत का होईना तुळजापूरला पोचले.

आता गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्यात. दिवाळीला फराळ कोण करणार यावरून परत एक आठवडा फार जड गेला त्यांना, तेव्हा बहीण राहायला आली. नर्मदेचं म्हणाल तर बारावीची परीक्षा झाल्यावर निघायचं ठरलंय, आधी थोडाच टप्पा, रोज रात्री मुलाला फोन करायचा. आणि जी बहीण अडवायला आली होती ती आता पहाटे मुकुंदराजापर्यंत त्यांच्याबरोबर असते, पहिला टप्पा मी पण चालणार म्हणते.