होडीचं पितळ काळं पडलंय, चिंच लावू का?

प्रश्न: आजोबांची जुनी लाकडी होडी आम्ही दुरुस्त करून घेतली, खाडीत असते, पावसाळ्यात वर ओढून झापांनी शाकारतो. तिच्या दोर बांधायच्या पितळी खुंट्या, कंदिलाची कडी आणि सुकाणूच्या बिजागऱ्या सगळं काळंहिरवं झालंय. आई म्हणते चिंच लाव, गॅरेजवाला म्हणतो बफ मारून (फिरत्या चाकावर घासून) देतो. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायचीय. काय करू?
(एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर: आईचं ऐका, पण लगेच नको. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवून काढा, कोरडं करा आणि चाकूच्या टोकाने प्रत्येक वस्तूवर नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात जरासं खरवडून बघा. खाली पिवळंजर्द निघालं तर वरचा फक्त कळंक आहे, काळजी नाही. पण गुलाबी-तांबूस निघालं आणि भुसभुशीत लागलं तर पॉलिशचा नादच सोडा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, खाऱ्या पाण्यात बुडून राहिलं की जस्त आधी निघून जातं आणि मागे स्पंजसारखं तांबं उरतं, आकार तोच दिसतो पण जोर गेलेला असतो. तुमच्या बिजागऱ्या पाण्याखाली असतात ना, त्यांचीच मला जास्त धास्ती वाटते. तसं निघालं तर गनमेटलच्या (तांबं आणि कथिलाचा मिश्रधातू) घ्या, भर खाडीत सुकाणू हातात आलं तर चकाकी काय चाटायचीय?

हे चिंचेआधीच बघायचं कारण आंबट लावल्यावर चांगलं पितळही वरवर गुलाबी होतं आणि मग काही कळत नाही. मी एकदा कंदिलाला लिंबू चोळून रात्रभर तसाच ठेवला, सकाळी बघतो तर पितळेचा कंदील तांब्याचा झालेला! घासून पिवळा करताना खांदे गेले.

तर चिंचेचा कोळ लावा, मीठ घालू नका (ते समुद्राने भरपूर लावलंय), पाच-दहा मिनिटांत सुती फडक्याने चोळून भरपूर पाण्याने धुवा. मग पितांबरी किंवा ट्यूबमधलं मेटल पॉलिश. लाकडाला कडेने मास्किंग टेप लावा, नाहीतर पॉलिशचे काळे डाग व्हार्निशखाली जाऊन बसतात. तारेची घासणी अजिबात नको, तिचे कण डेकवर गंजतात. अमोनियाच्या उग्र वासाचं लिक्विड वापरलंत तर पुसून धुवून टाका, तडा असलेल्या किंवा वाकवलेल्या तुकड्याला लावूच नका. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेल्या काडतुसांची पितळी कवचं आपोआप तडकायची, कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया, ते नीट उलगडलं 1921 मधे.

बफ म्हणाल तर सुट्या कडीला ठीक, खुंट्यांच्या कडा आणि स्क्रूच्या खाचा मात्र खाऊन टाकतो. स्क्रू बदललेत तर पितळीच घाला, लोखंडी आधी गंजून जातील.

शेवटी गाडीचं वॅक्स पातळ लावा, दर महिन्या-दोन महिन्यांनी परत. लॅकर (पारदर्शक लेप) मारा असं कुणीतरी सांगेल, पण त्याला एक ओरखडा गेला की खारी हवा आत शिरते, खालून काळं पसरत जातं आणि मग आधी लॅकर काढा.

मी तुमच्या जागी असतो तर फक्त कंदिलाची कडी चमकवली असती. खुंट्या दोर घासून घासून मानेशी आपोआप पिवळ्या होतात, बाकीच्या तपकिरी राहिल्या तरी काही बिघडत नाही.